उत्तर दरवाज्यावरची हाक

"तुमचा मुलगा उद्या निघतोय ना?" राळ्याचे उकडलेले गोळे विकणाऱ्या बाईनं पानावर एक गोळा जास्तीचा ठेवत विचारलं, आणि मिनच्या तोंडून जवळजवळ निघून गेलं होतं, 'कुठं?' तो शब्द तिनं दातांमागे अडवला. बाई सेनापतींबद्दल बोलत होती. सेनापती शेन यी. त्यांना मिननं अंगावर पाजलं होतं हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि युद्ध जाहीर झाल्यापासून लोक तिला वाट करून देत होते, तिच्या हातातली टोपली धरायला पुढं येत होते. पण 'तुमचा मुलगा' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बाई नवी असावी. मिनचा मुलगा म्हटलं की जुन्या लोकांना दुसराच कुणीतरी आठवे, आणि तो आठवू नये असा हुकूम होता. "माझाही जातोय," बाई सांगत होती. "पायदळात. मेल्याला अजून भाला धड धरता येत नाही, खांद्यावर फावडं घेतल्यासारखा घेतो. पण तुमच्या मुलाच्या हाताखाली आहे म्हटल्यावर परत येईल. येईल ना हो?" मिन म्हणाली, "येईल." बाईनं तिचा हात धरून कपाळाला लावला. बाईचा हात वाफेनं ओला होता. तो ओलेपणा मनगटावर घेऊन मिन कालव्याकडे चालू लागली.

कालव्याकाठच्या वाळुंजाच्या झाडांना हाताला येईल अशी एकही फांदी उरली नव्हती. निघणाऱ्या माणसाच्या हातात फांदी द्यायची असते, आणि सगळं शहरच कुणाला ना कुणाला निरोप देत होतं. उंच फांद्यांसाठी आता लोक एकमेकांच्या खांद्यावर चढत होते. चामड्याचा, सरसाचा, घोड्यांच्या लिदीचा वास सगळीकडे भरून राहिला होता. हा वास तिला चांगला माहीत होता. गेल्या युद्धाच्या वेळी तिचा थुन असाच वास घेऊन घरी यायचा, रथाच्या चाकांना चरबी लावून लावून त्याची नखं काळी झालेली असत, आणि ती म्हणायची, तसल्या हातानं जेवायला बसू नकोस, आणि तो तसाच बसायचा. थुन. आ-थुन. डुकराचं पिल्लू. शेन यीच्या आईनं आपल्या मुलाचं दूधनाव ठेवलं होतं आ-हू, वाघ. मोठ्या घरात वाघच जन्मतात. मिननं आपल्या मुलाचं ठेवलं डुक्कर, कारण मुलांच्या शोधात जे काही फिरत असतं ते डुकराकडे वळून बघत नाही. दोघं एकाच महिन्यातले. एक डावीकडे, एक उजवीकडे. शेन घरातल्या थोरल्या बाई तेव्हा जिवंत होत्या. त्या दाराशी उभ्या राहून बघायच्या, वाघाचं पोट भरलं का, मगच डुक्कर. थुननं कधी तक्रार केली नाही. तो मूठ चोखत वाट बघायचा. वाट बघणं तो तिच्या मांडीवरच शिकला होता, आणि हे शिकवणारी आपण होतो, असं आता तिला वाटे.

गल्लीच्या तोंडाशी महामंत्री लुआन यांची गाडी उभी होती. गाडीवान म्हणाला, धन्यांनी बोलावलंय, दोनच शब्द बोलायचे आहेत. मोठ्या माणसाचे दोन शब्द म्हणजे काय हे शेन घराण्यात आयुष्य काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ती चढून बसली.

लुआन ओसरीत उन्हाला बसले होते. समोर वाळलेल्या लाल बोरांचं ताट होतं आणि ते एकेका बोरातून बी काढून बाजूला ठेवत होते, अगदी मन लावून. "या, या दाईबाई. बसा. गुडघे काय म्हणतात?"

"आहेत जागेवर."

"माझे तेवढेही नाहीत. राजवाड्याच्या पायऱ्या कुणी वाढवतं की काय, कळत नाही. बोर घ्या." तिनं घेतलं नाही. "उद्या छपरावरून तुम्हीच हाक मारणार ना? आवाज आहे अजून?"

"आहे."

"असायलाच हवा. आमच्या घरापर्यंत यायचा तुमचा आवाज, पोरांना जेवायला बोलवायच्या तेव्हा." त्यांनी आणखी एक बी काढली. "छप्पर जुनं आहे हो ते. कौलं हलतात. मी सांगून सांगून थकलो, पण उत्तर दरवाज्याकडे लक्ष कोण देतं. समजा, उद्या तुमचा पाय घसरला. माणूस अशा वेळी ओरडतो. पडायची गरज नाही, या वयात पडू नयेच. नुसतं ओरडायचं."

"आणि सेनापती मागं बघतील. मागं बघितलं की पद गेलं."

"हे तुम्ही म्हणालात."

"मग सेनापतिपदाचा परशू तुमच्या पुतण्याच्या हातात."

"तेही तुम्हीच म्हणालात. मी आपला कौलांबद्दल बोलतोय." ते हसले. लुआन यांचा पुतण्या शिकारीच्या रानात उभ्या रथातून पडला होता. शहरातली पोरं अजून त्याची नक्कल करत. हा माणूस नदीपलीकडच्या शत्रूसमोर उभा राहिला तर काय होईल हे मिनला कळत होतं, लुआन यांनाही कळत असणार. पण लुआन यांना लढाई जिंकायची नव्हती, शेन यीला संपवायचं होतं. ही भाषा तिला परकी नव्हती. तिला एकदम असं वाटलं की आपण दोघं एकाच ताटातलं खात आहोत. "तुमच्या मुलाचं मला फार वाईट वाटतं," लुआन म्हणाले. "मी तेव्हाच म्हटलं होतं, साधा घंटा वाजवणारा तो, त्याची काय बिशाद. उद्याचं उद्या नीट झालं तर त्याच्या नावाची पाटी देवळात लागू शकते. माझा शब्द. काय हो नाव त्याचं?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. माघार घेऊन सैन्य परत आलं तेव्हा भर दरबारात 'कुणाचं तरी डोकं पाहिजे' असं म्हणणारं तोंड हेच. डोकं मिळालं, आणि नाव विचारायचं राहून गेलं. "राहू द्या," ती म्हणाली. "डुकराचं नाव आहे. तुमची जीभ विटाळेल." लुआन मोठ्यानं हसले आणि उरलेली बोरं पदरात घेऊन जायचा त्यांनी आग्रह केला. परतताना गाडीत ती त्या विक्रेत्या बाईच्या मुलाचा विचार करत होती, भाला फावड्यासारखा धरणाऱ्या. पुतण्याच्या हाताखाली तो मरेल. शेन यीच्या हाताखाली कदाचित मरणार नाही. तिनं त्याच्याबद्दल वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला. चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेली तर थुनचाच चेहरा आला.

दुपारी नखं कापायची होती. सेनापती जिवंतपणीच मेलेला म्हणून शहर सोडतो. म्हणून तो तागाचे शोकाचे कपडे घालतो, ज्या दरवाज्यातून एरवी फक्त प्रेतं जातात त्या उत्तर दरवाज्यातून निघतो, जीव घरी राहावा म्हणून छपरावरून त्याला दूधनावानं तीनदा हाक मारतात, आणि आदल्या दिवशी प्रेताची कापतात तशी त्याची नखं कापतात. नखं पुरचुंडीत बांधून घरी ठेवायची. शरीर परत आलं नाही तर पुरायला तेवढीच. ज्या हातानं बाळपणी पहिल्यांदा नखं कापली त्याच हातानं हे करायचं असतं, आणि शेन यीच्या घरी तो हात मिनचा होता. शेन यी तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि त्यानं लहानपणी करायचा तसा पंजा तिच्या गुडघ्यावर ठेवला. चारचौघांत ती त्याला सेनापती म्हणे. दोघंच असली की अरे-तुरे करी, आणि त्याला ते आवडे. त्याचे तळवे भाजलेल्या कातड्यासारखे झाले होते. अंगठ्याच्या नखापाशी तिनं कात्री जरा खोल नेली.

"हळू गं. अजून मेलो नाही."

"मेलेल्याला दुखत नाही म्हणतात. म्हणून तपासून बघितलं."

तो हसला. हसताना त्याचा खालचा ओठ डावीकडे ओढला जाई, दूध पितानाही जायचा. "लुआनकडे गेली होतीस म्हणे."

"बोरं दिली त्यांनी. वाळकी."

"आणि किंचाळायला सांगितलं असेल."

तिची कात्री थांबली नाही. "पाय घसरायला सांगितलं."

"म्हातारा हुशार आहे. पण मला लहानपणापासून ओळखत नाही, तू ओळखतेस." त्यानं दुसरा हात पुढं केला. "ऐक मिनआई, उद्या तू खरोखर खाली पडलीस तरी मी मागं बघणार नाही. आग लागली म्हणून शहर ओरडलं तरी नाही. पूल ओलांडेपर्यंत माझी मान लाकडाची. राग धरू नकोस, आधीच सांगून ठेवतो."

"राग कसला."

"तेच म्हणतो मी. तू आहेस म्हणून मला काळजी नाही. दुसरी कुणी वर असती तर झोप लागली नसती. माझा जीव तुझ्यापाशी ठेवून जाणार, आणखी काय पाहिजे?" हे तो खरंच म्हणत होता. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं, यात डाव नाही, थट्टा नाही. इतकी वर्षं तिच्या हातचं खाऊन, तिनं धुतलेले कपडे घालून त्याच्या मनात हे कधी आलंच नाही की ही दुसऱ्याही कुणाची आई आहे. थुन गेल्यावर त्यानं तिला दक्षिणेकडची उन्हाची खोली दिली होती. तिच्या ताटात मांस जास्त पडू लागलं होतं. त्याच्या हिशेबी ते तिथंच मिटलं होतं. नखांचे तुकडे तिच्या मांडीवरच्या फडक्यात पडत होते, अर्धचंद्रासारखे, पिवळसर. तिनं ठरवलं होतं की एकदा विचारायचं. एकदाच, सरळ नाही, बाजूनं; त्याला वाट ठेवायची. त्यानं नुसतं नाव जरी घेतलं असतं. नावही नाही, 'तो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. करंगळीचं नख उरलं होतं. "या वेळी रथावर घंटा कुणाकडे?" तिनं विचारलं.

त्याचा पंजा तिच्या गुडघ्यावर जरासा जड झाला. ढोल वाजला की पुढं जायचं, घंटा वाजली की मागं फिरायचं. सेनापतीच्या रथावर दोन्ही असतात, आणि घंटेपाशी त्याच्या विश्वासातला माणूस असतो. "घंटा नेतच नाही या वेळी," तो म्हणाला. "माघार घ्यायचीच नाही म्हटल्यावर कशाला ते ओझं." मग त्यानं हात काढून घेतला, नखं नसलेली बोटं उन्हात धरून बघितली आणि म्हणाला, "बायकी दिसतात नाही?" तिनं फडक्याची गाठ मारली. गाठ घट्ट बसली. आत काहीतरी तसंच घट्ट बसल्यासारखं तिला वाटलं.

घंटा थुननं वाजवली होती. नदीच्या उतारापाशी, पाणी कमरेपर्यंत असताना. पलीकडचे अंगावर येत होते आणि शेन यीनं, याच बोटांनी, त्याच्या खांद्याला धरून सांगितलं होतं, वाजव. हे तिला थुननं सांगितलं, कोठडीत, ती जेवण घेऊन गेली तेव्हा. परत आल्यावर दरबारात शेन यी म्हणाला होता की हुकूम मी दिला नाही, पोरगा घाबरला आणि त्यानं वाजवली. ती रडायला लागली तर थुननं तिच्या तोंडावर हात ठेवला. त्यानं पोटभर जेवून घेतलं, बोटं चाटली. "तू उगाच घाबरतेस आई. सेनापतींनी मला सगळं सांगितलंय. दरबाराला दाखवायला एवढं करावं लागतं. अगदी शेवटच्या घटकेला त्यांचा माणूस घोड्यावरून येणार, माफीचा हुकूम घेऊन. नाटकात येतो तसा. पण तू कुणाला बोलू नकोस, नाहीतर त्यांचीच पंचाईत." आणि त्यानं डोळा मारला. मोठ्या गुपितात आपल्याला घेतलं याचा त्याला अभिमान वाटत होता. तिनंही विश्वास ठेवला. हे आठवलं की आजही तिचे कान गरम होतात: ती त्या रात्री झोपली होती. सकाळी उत्तर दरवाज्याबाहेर त्याला गुडघ्यांवर बसवलं तेव्हा तो मान वळवून रस्त्याकडे बघत होता, आणि जल्लादाला परत परत सांगावं लागत होतं, सरळ बघ, बाबा, सरळ बघ. पहाऱ्यावरच्या शिपायानं तिला हे नंतर सांगितलं. त्याला वाटलं, आईला बरं वाटेल की पोरगा घाबरला नव्हता. त्याच सकाळी वाड्यात शेन यीनं केस धुवायला गरम पाणी मागवलं होतं. भांडं मिननंच आत नेऊन दिलं. त्यानं डोकं खाली घालून ठेवलं होतं, केस पुढं सोडले होते, चेहरा दिसत नव्हता, आणि तिला वाटलं होतं, माणूस पाठवून झाला असेल, म्हणूनच हा इतका निवांत आहे.

ज्याचं डोकं राजा घेतो त्याला हाक नसते. त्याच्यासाठी शोकाचे कपडे नाहीत, रडायचं नाही, नाव घ्यायचं नाही. इतर कुणीही मेलं की घरचं माणूस त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढतं, उत्तरेकडे तोंड करतं आणि नाव घेऊन तीनदा ओरडतं, परत ये. मग वाट चुकलेला जीव घरी येतो. थुनला कुणी बोलावलं नव्हतं. तो अजून तिथंच असणार, रस्त्याकडे बघत. शहाणा असता तर उठून गेला असता. पण वाट बघ म्हटलं की तो बघत राहतो.

सकाळी उत्तर दरवाज्याच्या आतल्या चौकात राजा, दरबार आणि शहर जमलं होतं. बाहेर, खंदकावरच्या पुलापलीकडे, सैन्य उभं होतं. दरवाज्याच्या छपरावर चढायला शिडी लावली होती. मिन चढली तेव्हा खाली एकानं शिडी धरली आणि "सांभाळून, आजी" म्हणाला. लुआन यांनी म्हटल्यासारखी कौलं खरंच हलत होती. काखेत शेन यीचा वापरलेला अंगरखा होता, गळ्याशी मळकट. त्याचे जुने अंगरखे थुनकडे जायचे, बाह्या आखूड करून. थुन राहिला असता तर हाही त्याच्याकडेच गेला असता. वरून तिला सगळं लहान दिसत होतं आणि स्वच्छ. राजानं दोन्ही हातांनी परशू दिला. मग राजा वाकला, रथाच्या चाकाला हात लावून त्यानं ते जरासं पुढं ढकललं आणि म्हणाला, "दरवाज्याच्या आत आम्ही. दरवाज्याबाहेर तुम्ही." राजाचा आवाज बसलेला होता. शेन यी तागाच्या पांढऱ्या कपड्यांत रथात उभा राहिला. त्याच्या बायकोनं मुलांचे चेहरे आपल्या कपड्यांत दाबून धरले होते. आता पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत त्यानं मागं बघायचं नव्हतं. बाहेर पडलेला मेलेला माणूस मागं वळला तर तो सेनापती राहत नाही. परशू तिथल्या तिथं काढून घेतात, आणि त्याला शहरातही घेत नाहीत, सैन्यातही. लुआन राजाच्या जरा मागं उभे होते. त्यांनी वर बघितलं आणि नजर कौलांवरून फिरवली, एखादा कारागीर बघतो तशी.

रथ दरवाज्यातून बाहेर आला. तिनं तोंड उत्तरेकडे केलं. पुलाच्या लाकडावर चाकं खडखडू लागली. तिला किंचाळायचं नव्हतं. लुआन यांच्यासाठी घशातला एवढासा आवाजही खर्च करायचा नव्हता. आणि शेन यीचा जीव सांभाळायचा नव्हता. हे दोन्ही रात्रीच स्पष्ट झालं होतं. यापलीकडे तिनं काहीच ठरवलं नव्हतं. गप्प उभं राहायचं असंच कदाचित मनात होतं. हाक नसलेला सेनापती लढायला जाऊ दे, त्याचा जीव त्याच्याबरोबरच फिरू दे, जिथं पडेल तिथं पडू दे. तिनं अंगरखा उघडला. वारा त्यात शिरला आणि बाह्या भरल्या, आणि आखूड न केलेली एक बाही तिच्या तोंडावर आपटली. खाली रस्ता दिसत होता. दरवाज्यापासून सरळ निघालेला, पुलावरून, सैन्याच्या मधून, टेकडीमागे जाणारा. याच रस्त्यावरून घोडा यायचा होता. त्या सकाळी रस्ता असाच दिसत असेल, फक्त रिकामा. किती लांबपर्यंत दिसतो इथून. कुणी येत असतं तर आधीच कळलं असतं. कुणी येत नाही हेही आधीच कळलं असणार त्याला. तरी तो बघत होता. तिच्या छातीत जुनं काहीतरी ताणलं गेलं, दूध उतरताना ताणतं तसं, आणि तिनं तोंड उघडलं. पोरांना जेवायला बोलवायची तोच तो आवाज होता, शेवटी जरा वर चढणारा. सैन्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत तो गेला.

"आ-थुन! परत ये!"

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. दूधनावं घरची असतात, बाहेरच्यांना माहीत नसतात. लोकांना वाटलं, सेनापतींचं हेच नाव असेल. राजासुद्धा तसाच उभा होता. फक्त शेन यीची बायको वर बघू लागली, आणि रथाची चाकं पुलावर खडखडत राहिली. पांढरी पाठ ताठ होती. पण ओळखीची पाठ बोलते. तिनं ती पाठ न्हाऊ घातली होती. मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधे, काहीतरी आत ओढलं गेलेलं तिला इथून दिसलं. तिनं अंगरखा डोक्यावर फिरवला.

"आ-थुन! परत ये!"

रथ थांबला. कुणी थांबवला ते कळलं नाही, सारथ्यानं की त्यानं. मग सेनापती शेन यीनं, पुलाच्या मधोमध, सगळ्या सैन्यासमोर, मान वळवून मागं बघितलं.

चौकातून असा आवाज आला की जणू सगळ्या शहरानं एकदम श्वास आत घेतला. लुआन यांनी मान खाली घातली, दुःख झाल्यासारखी. विधी करणारे अधिकारी परशू परत घ्यायला आधीच निघाले होते, पांढऱ्या बाह्या सावरत, लगबगीनं. पुतण्याला कुणीतरी पुढं ढकललं. पुलापलीकडे भाले हलू लागले, गवतावरून वारा जातो तसे. मिनला हे सगळं डोळ्यांच्या कडेनं दिसलं. ती शेन यीकडे बघत होती. तो आता सांगेल, असं तिला वाटलं. सगळं शहर ऐकायला उभं होतं. हुकूम माझा होता, एवढे तीन शब्द, आणि आता तर त्याच्याजवळ गमवायला काही उरलंही नव्हतं. त्याचा चेहरा तागाच्या कपड्यांइतकाच पांढरा होता. त्यात राग नव्हता. खालचा ओठ डावीकडे ओढला गेला होता. त्यानं परशू रथात टेकवला, कापलेल्या नखांचे दोन्ही हात वर केले, उचलून घ्यायला सांगणाऱ्या मुलासारखे, आणि तो ओरडला.

"मिनआई, माझं नाव! माझं नाव घे!"

तिला नाव आठवत होतं. ते तिच्या जिभेवर होतं, सवयीनं, थुनच्या नावाच्या आधी यायचं तसंच. एक हाक उरली होती. तेवढी पुरली असती. तो अपमानित झाला असता, निष्कासित झाला असता, पण त्याचा जीव तरी घरी राहिला असता. तो हात वर करून थांबला होता. वाट बघत होता. त्याला वाट बघताना ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि तिनं त्याला थोडा वेळ बघू दिली.

मग तिनं नजर त्याच्यावरून काढून मागच्या रस्त्यावर नेली, छाती भरून घेतली आणि तिसऱ्यांदा, पहिल्या दोन वेळांपेक्षा मोठ्यानं, आपल्या मुलाला घरी बोलावलं.